पाठीवरच्या दोन खुणा

"वाक अजून. बोटं जमिनीला लागू देत," रेवती म्हणाली.

अनयची बोटं गुडघ्यांखाली जाईनात.

मुलुंडच्या फिजिओथेरपी कॉलेजात ती आपल्या संशोधनासाठी धडधाकट तरुण मुलांच्या पाठी मोजत होती. किती वाकतात, किती ताकदीच्या आहेत. साठ जण हवे होते. साठावा काही मिळेना, म्हणून नाइलाजाने तिने धाकट्या भावाला बोलावलं. नाना, त्यांचे वडील, गेल्यापासून दोन महिने ती त्याच्याशी धड बोलत नव्हती.

ताकदीची चाचणी मघाच झाली होती. पालथं पडून कमरेवरचं अंग खाटेबाहेर अधांतरी धरायचं. अनयने दोन मिनिटं धरलं.

"ताठ राहायचं म्हटलं की तू पहिला," ती म्हणाली होती. तो हसला नव्हता.

भांडुपच्या घरात दिवेलागणीला देवापुढे निरांजन लागलं, की मुलांनी नानांच्या पायांवर डोकं ठेवायचं. ताप असो, परीक्षा असो, हा नेम चुकायचा नाही. शेवटची तीन वर्षं अनय मात्र लांबूनच हात जोडायचा. नाना म्हणायचे, "शिकला, आणि पाठीत कांब शिरली." शेवटचं वर्षभर त्यांनी त्याच्याशी अबोला धरला. अबोल्यातच गेले. त्या दिवशी शेजारीपाजारीसुद्धा पायांवर डोकं ठेवून बाजूला होत होते आणि पोटचा मुलगा जरासा कलून नुसता उभा. रेवती त्याच्या कानाशी लागली होती, "आज तरी वाक रे!" तो वाकला नव्हता.

आता त्याच्या कमरेवर तिने पेनाने केलेल्या दोन खुणा होत्या, एकीवर एक, पंधरा सेंटिमीटरवर. माणूस वाकला की खुणा एकमेकींपासून लांब जातात. एकोणसाठ पाठींवर त्या विसाच्या पुढे गेल्या होत्या. तिने टेप लावली. सोळा. टेप सरकली असेल. पुन्हा लावली.

सोळाच.

"अनय, सकाळी पाठ आखडते का रे?"

"रोज. दोनेक तास. हिंडलो की जरा सुटते. सगळ्यांचीच आखडत असेल ना?"

"अरे, नानांना सांगायचंस की!"

"सांगितलं होतं. म्हणाले, माज उतरला की सुटेल."

हा आजार तिने परीक्षेत पानभर लिहिला होता. मणके हळूहळू एकमेकांना धरत जातात. धरलेले पुन्हा सुटत नाहीत. तीन वर्षं तो रोज तिच्यासमोर हात जोडून उभा होता.

"पुरे. सरळ हो," ती कशीबशी म्हणाली.

तो सरळ झाला नाही. धाप लागली होती, मांड्या थरथरत होत्या.

"थांब ताई, अजून एकदा मोज. त्या दिवशी नानांच्या पायांशी याच्यापेक्षा जास्त वाकलो होतो मी."