मांडवातला ऊस

तुळशीचं लग्न लागलं तसा सुनेनं मांडवातला एक ऊस सोडवला, त्याचं कांडं मोडून माझ्यापुढं धरलं. मी तोंड फिरवलं. "पोरांना दे. माझे दात हलतात, ठाऊक नाही का तुला?"

"हलत होते, आत्या. गेल्या वर्षी."

गेल्या वर्षी हिनं माझी मिशरी चुलीत ओतली, तेव्हा मी हिच्याशी बोलणंच टाकलं होतं. तरी मला दातांच्या डॉक्टरकडं घेऊन गेली. त्यांनी दातांवरचा दगडासारखा थर खरवडून काढला आणि रोज ब्रश करायला सांगितलं. पहिल्याच दिवशी हिरड्यांतून रक्त आलं. मी ब्रश उकिरड्यावर भिरकावला. जन्मभर मिशरी लावली, कधी थेंब आला नव्हता!

"हिरडी सुजलीय म्हणून रक्त येतं. घासायचं थांबलात तर आणखी सुजेल," म्हणत हिनं दुसरा, मऊ ब्रश आणला. सकाळी आणि निजायच्या आधी माझ्याशेजारी मोरीपाशी उभी राहून स्वतःही दात घासायची. मी तिला शिव्या घालत घासत राहिले. रक्त कधी थांबलं, कळलंही नाही.

आता सगळं घर माझ्याकडं बघत होतं. मी कांडं भीतभीत दातांत धरलं आणि ओढलं. साल टरकन निघाली. दात जागचा हलला नाही.

"गोड आहे का, आत्या?"

मी दातांनीच कांडं सोललं आणि पहिला तुकडा तिच्या तोंडात घातला.