चौथा धडा

"मला चौथा धडा जमतोय का गं?" बाबांच्या मांडीवर गिटार आणि समोर उशीला टेकवलेलं गिटार शिकायचं पुस्तक. त्यांनी उत्सुकतेनं विचारलं.

"शेजारी घर विकायला काढतील, बाबा!" मी म्हणाले. ते खो खो हसले. त्याच संध्याकाळी अचानक गेले.

महिन्याभराने मी त्यांची गिटार घेतली आणि तेच पुस्तक उघडलं. चित्राप्रमाणे बोटं ठेवली, तरी सूर भलतेच निघाले. असं का? तारा निरखून पाहिल्या. जाड तार खाली, बारीक वर. सगळ्या उलट्या लावलेल्या.

बाबा डावखुरे! म्हणजे पुस्तकातलं प्रत्येक चित्र ते मनातल्या मनात उलटं करून वाचत होते.

मी त्यांच्यासारखी उलट्या बाजूने गिटार धरली. अडखळत चौथा धडा वाजवला. बाबा वाजवायचे तीच ओळखीची धून.

"जमत होता, बाबा," मी रिकाम्या खोलीत मोठ्याने म्हणाले. "फार छान वाजवत होतात."