धाकट्यासाठी निवडलेला ट्युबा

या, जरा सरकून जवळ बसा. दोन भावांची गोष्ट सांगतो, आणि ती हळू आवाजातच सांगायची आहे.

ट्युबा, म्हणजे ते भल्यामोठ्या कर्ण्याचं पितळी फुंकवाद्य, वाजवायला धाकट्याला थोरल्यानेच शिकवलं होतं. पण चौघांच्या जॅझ चमूने बोलावलं ते धाकट्याला. तेव्हापासून थोरल्याच्या पोटात दुखत होतं.

तरी जुन्या वाद्यांच्या दुकानात तो सोबत गेला. चमू छोट्या खोल्यांत वाजवणार, म्हणून वाद्यही आटोपशीर हवं होतं.

"दादा, तू म्हणशील तेच घेणार. मला कुठे काय कळतं?"

"चमूत शिरताना बरं कळलं!" थोरला हसला, पण बोल टोचलाच.

कोपऱ्यात एक बुटका ट्युबा होता. थोरल्याने खटके दाबले, लोण्यासारखे चालले. कुठे पोचा आहे का, म्हणून त्याने कर्ण्याच्या चकचकीत पितळेत पाहिलं. त्यात दुकानदार दिसला, कपाट दिसलं, तो स्वतः दिसला. खांद्याला खांदा लावून उभा असलेला धाकटा मात्र दिसला नाही.

त्याने बाहीने पितळ पुसलं. पितळेत धाकट्याच्या जागी नुसती भिंत होती.

"कसा आहे रे, दादा?"

थोरल्याने वळून पाहिलं. धाकटा शेजारीच उभा होता.

"हाच घे," तो म्हणाला.

धाकट्याने खुर्चीत बसून, ट्युबा मांडीवर घेऊन छाती भरून फुंकला. स्वर इतका गोड लागला, की थोरल्याने जळून डोळे मिटले. उघडले तेव्हा खुर्चीत ट्युबा एकटाच होता, आणि स्वर अजून चालूच होता.

"एकटेच आलात?" दुकानदाराने विचारलं.

"हो," थोरला म्हणाला, आणि ते त्याला खरंच वाटलं.

देवापुढे हात जोडाल तेव्हा त्या धाकट्याची आठवण काढा, बाबांनो. ती काढणारं घरात कोणी उरलेलं नाही.