एक कार्ड जास्त

"पुन्हा शून्य," ताई म्हणाली आणि नव्या संगणकाकडे खाऊ की गिळू अशा नजरेने बघत राहिली.

आईने चष्मा नाकावर सरकवला. "फोनात तर शहाऐंशी नंबर आहेत. गेले कुठे मग?"

"कुठे जातायत? थांब जरा, धीर धर."

ताईने इस्पितळातून अर्ध्या दिवसाची रजा काढली होती. सकाळी प्रयोगशाळेत रक्ताचे नमुने तपासायचे, घरी आलं की आईचे गुडघे शेकायचे, आणि आता वर हे नवीन खूळ. काल ताई कामावर असताना आई एकटीच दुकानात गेली आणि संगणक घेऊन आली. का, तर मोठ्या पडद्यावर धाकट्याचं तोंड बघायचंय. ज्या धाकट्याचा दोन वर्षांत आईला साधा एक फोन आला नाही, त्याचं तोंड.

"नंबर आले की पहिला त्यालाच लाव," आई म्हणाली. "एकदा 'ये' म्हणू दे, मी चालले त्याच्याकडे."

"जा की. मी काय बांधून ठेवलंय?"

म्हणाली खरी, पण ताईने माउस जरा जोरातच आपटला. राबायचं हिने आणि कौतुक त्याचं. कुणालाही लागेलच ते.

घोळ शेवटी सापडला. फोनातले नंबर खात्यात पाठवणारं सिंकच बंद होतं. ताईने ते चालू केलं, संगणकावर आईचं खातं उघडलं. पासवर्ड दोनदा चुकला, तिसऱ्यांदा लागला. मग नावं भराभर उतरायला लागली. डॉक्टर, दूधवाला, मावशी, नळवाला.

आई पडद्याला बोट लावून मोजत होती. जन्मभर ग्रंथालयात कार्डं लावलेली बाई ती, मोघम काही चालायचंच नाही तिला.

"सत्त्याऐंशी," ती म्हणाली. "एक जास्त आलंय."

"चुकली असशील मोजताना."

"मी?"

ताईने यादी वरखाली केली. धाकटा दोनदा आला होता. दोन्ही नंबर अगदी सारखे, फक्त शेवटचा आकडा वेगळा. एकात चार, दुसऱ्यात नऊ.

"होतं असं," ताई म्हणाली. "एक फोनातला आणि एक खात्यात पडून राहिलेला. दोन्ही येतात."

"मग खरा कुठला?"

"फोनातला, चारवाला. तो दुसरा जुना आहे. काढूनच टाकते, उगाच गोंधळ नको."

"आधी लावून तरी बघ."

"कशाला? माझ्यावर विश्वास नाही का तुझा?"

ताईने नऊवाला पुसला. मग फोन स्पीकरवर टाकून चारवाला लावला. हा नंबर अस्तित्वात नाही, असं एका बाईने गोड आवाजात दोनदा सांगितलं.

"बदलला असेल त्याने," ताई म्हणाली. "आईला कळवावं एवढंही सुचलं नाही. दगड आहे नुसता."

आई खिडकीकडे बघत होती. ताईने तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"जाऊ दे ना आई. मी आहे ना? मी कुठे जातेय तुला सोडून?"

"तू खूप केलंस माझं," आई म्हणाली. "नाही म्हणणार नाही मी."

"मग झालं तर."

"काल दुकानदाराने त्याच्या संगणकावर माझं खातं उघडून दाखवलं होतं. तिथल्या नऊवाल्या नंबरवर तासभर बोलले मी धाकट्याशी. माझ्या फोनात नऊचा चार तूच केलास, त्याचे फोन अडवलेस. दोन वर्षं तो तुला फोन करतोय आणि तू त्याला सांगतेस, आईला तुझं नावही नकोय."

ताईचा हात आईच्या पाठीवर तसाच राहिला.

"उद्या न्यायला येतो म्हणाला. हो म्हटलं नव्हतं मी त्याला. म्हटलं, आधी बघू, तू कुठला पुसतेस."