उभा ठोकळा

गोदा वर्षाची होत आली तरी दाताचा पत्ता नव्हता. शेजारच्या अलमेलूमामी रोज म्हणायच्या, "ही तर आमच्या ऐंशी वर्षांच्या पाट्टीआजीसारखी हसते!" मीही हसायची, पण आत जीव खालीवर व्हायचा. बोटानं चाचपून बघावं, तर ही तोंड घट्ट मिटून घ्यायची.

आमचे हे छापखान्यासाठी लाकडी अक्षरं कोरतात. मद्रासच्या एग्मोरला सर्कस येणार होती, आणि जाहिरातीला रस्त्यापलीकडूनही वाचता येतील अशी जाडजूड इंग्रजी अक्षरं हवी होती. सगळी कोरून झाली आणि नेमकं एक नाहीसं झालं.

"अगं, इंग्रजीतला तो आय कुठंय? माणूस न्यायला आलाय!"

"दिसतो कसा तो?"

"उभा ठोकळा. ना कान, ना शेपूट."

मी हळूच गोदाकडे पाहिलं. सकाळी किरकिरत होती, म्हणून खाली पडलेला लाकडाचा तुकडा धुऊन मीच तिला चघळायला दिला होता. तो तिच्या हातातून सोडवला, पुसला आणि खरं काय ते सांगून ह्यांना दिला.

संध्याकाळी हे पहिला छापील कागद घेऊन आले, ते कपाळाला आठ्या घालूनच. "बघ तुझ्या लेकीचा प्रताप! अक्षराला खड्डे पडले, तिथं शाईच लागली नाही. काळ्याभोर आयमध्ये दोन पांढरे ठिपके! मालक म्हणाले, आता वेळ नाही, असंच चिकटवा."

मी ते ठिपके पाहिले, पुन्हा पाहिले, आणि कागद घेऊन तशीच शेजारी धावले.

"मामी, ओ मामी! दात आले! दोन आले, आणि उद्या अख्ख्या मद्रासच्या भिंतींवर दिसणार आहेत!"