तळाचं फूल

तराफा वर येऊ लागला तेव्हा अर्लीनने दोन्ही हात पाठीमागे बांधून घेतले.

परीक्षेचं सूप नितळ व्हावं लागतं. खिमा, अंड्याचा पांढरा बलक आणि भाज्यांचा चुरा गार रश्श्यात कालवायचा, पातेलं आचेवर ठेवायचं, कोमट होईपर्यंत ढवळायचं आणि मग हात काढून घ्यायचा. बलक सगळा गाळ पोटाशी धरून वर येतो. त्यालाच स्वयंपाकाच्या शाळेत तराफा म्हणतात. त्यानंतर एकदाही ढवळायचं नाही. तराफा मोडला की गाळ पुन्हा रश्श्यात उतरतो. मागच्या वेळी अर्लीनने आच मोठी ठेवली होती आणि उकळीनेच तो मोडला होता. शाळा दुसरी संधी देते. तिसरी देत नाही.

"पोलिसांनी धरल्यासारखी काय उभी आहेस?" शेजारच्या शेगडीवरून डेझमंड म्हणाला.

"गप रे. माझ्या हातांचा मला भरवसा नाही."

"मग खिशात घाल."

"खिशातून बाहेर येतात मेले."

खोटं नव्हतं ते. खाडीकाठच्या तिच्या घरात गम्बोच्या दाट रश्श्यासाठी मैदा तेलात भाजायला घेतला की हात थांबवायचा नसे. आई रेडिओवर पास्टरांचं प्रवचन लावायची. ते बोलता बोलता गाऊ लागत, आणि त्यांच्या तालावर आईचा डाव पातेल्याचा तळ खरवडत फिरत राही. "ढवळणारा हात थांबला की भांडं रुसतं," असं म्हणून तिने तो डाव अर्लीनच्या हातात दिला, तेव्हा अर्लीनला शेगडीशी पोचायला स्टूल लागायचं.

आज तीच आई चर्चमधल्या बायकांना गोळा करून सकाळपासून गात बसली होती. लेकीची परीक्षा होती ना.

तराफ्याच्या कडेने एकेक बुडबुडा येत होता. खांद्यावर फडकं टाकून शेफ प्रुइट ओट्यांमधून फिरत होते. अर्लीनने डोळे मिटले आणि ओठांतल्या ओठांत तीच ओळ धरली, जी तिकडे बायका गात असणार.

हात धर, प्रभो, पाणी खोल आहे.

एकदा म्हटली. पुन्हा म्हटली. छातीतली धडधड खाली बसली. तिसऱ्यांदा म्हणताना तर तिला पहाटेपासून प्रथमच वाटलं की आपण इथे एकट्या नाही.

"अर्लीन!" डेझमंड दबक्या आवाजात ओरडला. "अगं, डाव!"

तिने डोळे उघडले. डाव तिच्या हातात होता. हात गाण्याच्या तालावर फिरत होता, तळ खरवडत, आईने शिकवला होता तसा. तराफ्याचे तुकडे पातेल्यात गरगर फिरत होते.

तिने डाव बाहेर काढला आणि ओट्यावर ठेवला. फार हळू ठेवला, जणू आता तरी काही मोडू नये.

"शेफना सांग, डेझमंडचा धक्का लागला," तो म्हणाला. "खरंच सांग. मी हो म्हणतो."

"देव बघत होता, डेझमंड."

"देवाला कुणी परीक्षक नेमलंय?"

ती हसली नाही. तिने सूप कापडातून गाळलं. कापड धुऊन पुन्हा गाळलं. मग परीक्षेचा पांढरा वाडगा भरला. त्या वाडग्याच्या तळाशी एक निळं फूल रंगवलेलं असतं. त्याच्या पाचही पाकळ्या सुपातून मोजता आल्या पाहिजेत.

शेफ प्रुइट वाडग्यावर वाकले. त्यांनी तो खिडकीच्या उजेडात नेला, परत आणला. मग चमचा घेतला. एक घोट घेतला, आणि थांबून आणखी एक.

"अशी चव या वर्षी मला कुणाच्याच सुपात लागली नाही," ते हळू आवाजात म्हणाले.

अर्लीनने मान वर केली.

"पण आज चवीची परीक्षा नव्हती, पोरी."

"शेफ, पुन्हा एकदा..."

"ही पुन्हाचीच होती." त्यांनी वाडगा तिच्या हातात दिला. तिच्याकडे न बघता म्हणाले, "धुऊन ठेव. आणि जाताना कपाट रिकामं करून जा."

ती धुण्याच्या खोलीत आली तोच खिशातला फोन थरथरला. आई होती. तिच्या मागे टाळ्या चालल्या होत्या, पायांचे ठेके चालले होते आणि तीच ओळ चालली होती.

"झाली का गं?"

अर्लीनने वाडग्याकडे पाहिलं.

"अजून नाही, आई."

"बरंय, बरंय. घाई करू नकोस. मिस ओपल विचारतेय, पोरीने नाश्ता केला का म्हणून. तिचा स्वतःचा आवाज बसलाय, तरी बाई खुर्चीवरून उठायला तयार नाही."

"आई, तुम्ही आता घरी जा."

"वा गं वा! तू तिथे उभी आणि आम्ही घरी जाऊन पाय पसरू? तुझं होईपर्यंत इथून कुणी हलायचं नाही, असं पास्टरांनीच सांगितलंय." मग आई फोनपासून तोंड वळवून ओरडली, "अगं, चालू ठेवा! व्हायचंय अजून तिचं!"

अर्लीनला फोन बंद करता आला नाही. तिने तो नळाच्या कडेला ठेवला. तिकडे गाणं पुन्हा पहिल्या ओळीवर आलं.

तिने वाडगा कलता केला. गढूळ सूप बेसिनच्या भोकाशी गोल फिरलं आणि गेलं. तळाशी निळं फूल होतं. पाचही पाकळ्या स्वच्छ दिसत होत्या.