एकच फेरी

सैन्याला रसद पुरवण्यात सारी हयात घालवलेला जनरल धम्मपाल निवृत्तीनंतर पहिल्यांदाच सानगडीला, धाकट्या बहिणीकडे जेवायला आला. मागच्या हिवाळ्यात बर्फात अडकलेल्या दोन चौक्यांवरचं रॉकेल संपलं होतं आणि हवामान बिघडण्याआधी हेलिकॉप्टरची एकच फेरी होणार होती. जिथं जवान जास्त होते, तिथं त्याने ती पाठवली. दुसऱ्या चौकीवर बहिणीचा मुलगा सुगत होता. तो जिवंत परतला, पण गोठलेल्या पायांची बोटं कापावी लागली. आज मामाला पाहताच तो भिंत धरत आतल्या खोलीत गेला. बहिणीने ताटात भात वाढला आणि विचारलं, “दादा, तिथं सुगत हाये म्हणून तुले माहीत होतं का?” “होतं,” तो खाली पाहून म्हणाला. तिने वरणाची वाटी हातातच धरून ठेवली. “तू ‘नाही’ म्हटला असता, तरी मी खरं मानलं असतं, दादा.”